पाटा वाढवल्यावर पिकअप थरथरते : प्रोपेलर शाफ्टचे कोन कसे तपासायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचे फेरे मागच्या अॅक्सलला नेणारा पाइप) आणि मध्ये त्याला चासीला धरणारं सेंटर बेअरिंग असलेली पिकअप. मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंगचं पान, वाढवला. तेव्हापासून रिकामी गाडी ५५ ते ६५ च्या वेगात थरथरते, माल भरला की थरथर जवळजवळ जाते. दोनदा क्रॉस (शाफ्टच्या जॉइंटमधले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) बदलले, एकदा सेंटर बेअरिंग बदललं, फरक शून्य. आता गॅरेजवाला म्हणतोय शाफ्टची अलाइनमेंट गेली, आणि ती घरच्या घरी तपासता येईल का, हे तुम्हाला हवंय.

तपासता येते. पण शाफ्ट गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत सरळ रेषेत आणायचा, अशी कल्पना असेल तर ती आधी सोडा. क्रॉस जॉइंटला थोडा कोन लागतोच. अगदी शून्य कोनावर फिरला तर कपातले सुईबेअरिंग जागचे हलत नाहीत आणि क्रॉसच्या दांडीवर रेघा पाडतात. अर्धा ते एक अंश तरी कोन हवा. बघायचं असतं ते हे की प्रत्येक जॉइंटवर किती कोन आहे आणि एका जॉइंटने केलेली गडबड दुसरा जॉइंट निस्तरतोय की नाही.

गडबड म्हणजे काय? कोनात चालणारा जॉइंट पुढच्या शाफ्टचा फेरा जसाच्या तसा मागे देत नाही. एका फेऱ्यात मागचा शाफ्ट दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार दोन्ही बाजूंना ०.१४ टक्का असतो, ६ अंशांत ०.५५ टक्का. कोन दुप्पट झाला की त्रास चौपट होतो. म्हणून ‘अंशभराने काय होतंय’ हे लहान कोनात खरं असतं, पाच-सहा अंशांवर गेल्यावर नाही. पुढच्या जॉइंटने केलेला चढउतार मागचा जॉइंट पुसून टाकतो, पण दोन अटींवर : दोघांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे फाटे, एका पातळीत हवेत.

गाडीखाली जाण्याआधी थरथर नक्की शाफ्टची आहे का, ते रस्त्यावरच ठरवा. मोकळ्या सपाट रस्त्यावर ६० ला थरथर सुरू झाली की गिअर न्यूट्रल करा. गाडी घरंगळताना थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले. मग तोच ६० चा वेग चौथ्यात आणि पाचव्यात धरून बघा. इंजिनचे फेरे बदलूनही थरथर त्याच वेगाला येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे : शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकं.

चाक की शाफ्ट हे कंपनाच्या चालीवरून कळतं. २१५/७५ आर १५ टायर एका फेऱ्यात साधारण २.१३ मीटर जातो. म्हणजे ६० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास ८ फेरे मारतं. डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, ४.१ धरला तर शाफ्ट सेकंदाला ३२ फेरे, मिनिटाला साधारण १,९२५. तुमच्या गाडीचा टायर आणि रेशो वेगळा असेल तर हिशोब तुमचा करा, रीत हीच. आता ८ च्या आसपासची थरथर म्हणजे सीट आणि स्टेअरिंग सावकाश हलणं. ती टायरची किंवा रिमची. ३२ ची म्हणजे फ्लोअरबोर्डला मुंग्या येतात तसं. ती शाफ्टच्या बॅलन्सची किंवा शाफ्ट वाकल्याची. ६४ ची, म्हणजे फेऱ्याला दोनदा येणारी, अंगाला कमी आणि कानाला जास्त लागते : केबिनभर एक घुमल्यासारखा आवाज. ती कोनाची. फोनवर फिफॉक्ससारखं कंपन मोजणारं मोफत अॅप आहे, फोन सीटच्या रेलवर घट्ट बांधून बघता येतं. फक्त एक ध्यानात ठेवा, फोनचा सेन्सर सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर त्यात ५० च्या वरचं काही खरं दिसणार नाही, तेव्हा ६४ दिसलं नाही म्हणून कोन बरोबर असं समजू नका.

तुमच्या गाडीत माल भरल्यावर थरथर जाते. बॅलन्स बिघडलेला शाफ्ट माल बघून वागत नाही, रिकाम्या आणि भरल्या गाडीत जवळपास सारखाच त्रास देतो. त्यामुळे माझा पहिला संशय कोनावरच. पण दोनदा क्रॉस बदललेत म्हणता, तेव्हा कोन मोजण्याआधी ते काम कसं झालं ते बघावं लागेल.

रस्त्याकडेच्या गॅरेजात क्रॉस बरेचदा हातोड्याने ठोकून काढतात. त्याने योकचा कान वाकतो, मग नवा क्रॉस कपात सरळ बसत नाही. शाफ्ट सोडवून जॉइंट हाताने चारही बाजूंना फिरवून बघा. सगळीकडे सारखा, किंचित ओढ असलेला पण अडखळण नसलेला फिरला पाहिजे. एका दिशेला सैल आणि दुसरीकडे जाम असेल तर कपात एखादी सुई आडवी पडली आहे किंवा कान वाकला आहे. सर्क्लिप बसवल्यावर नुसतं घट्ट वाटत असेल तर योकच्या कानावर तांब्याच्या हातोडीने हलका ठोका देऊन कप बाहेरच्या बाजूला सर्क्लिपला टेकवतात, तेवढ्याने बहुधा मोकळा होतो.

दुसरी शंका स्प्लाइनची, म्हणजे शाफ्टचे तुकडे एकमेकांत सरकतात त्या दात्यांची. क्रॉस बदलताना हा सरकता सांधा (स्लिप जॉइंट) बाहेर काढून परत घातला असेल आणि खूण केलेली नसेल, तर योक एका पातळीत राहिले नसण्याची दाट शक्यता आहे. १६ दात्यांच्या स्प्लाइनवर एक दात चुकला म्हणजे २२.५ अंश. तेवढ्यावर तिन्ही जॉइंटचे कोन अचूक असले तरी गाडी घुमणार. शाफ्टवर कंपनीचे बाण किंवा पंचाच्या खुणा असतात, माती आणि ग्रीस पुसलं की सापडतात. त्या समोरासमोर आणा. काही कंपन्या दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये पुढच्या तुकड्याचे योक मुद्दाम ९० अंशांत ठेवतात, म्हणून खूण असेल तर खूणच मानायची, डोळ्याला सरळ दिसतं ते नाही. खूण नसेलच तर मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका पातळीत हवेत, एवढं नक्की. आणि यापुढे काहीही सोडण्याआधी पांढऱ्या पेंटची रेघ ओढा.

गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंगही बघून घ्या. रबर बसलं की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते आणि पुढच्या जॉइंटचा कोन बिघडतो. पाटे एकत्र धरणारे सेंटर बोल्ट आणि पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्टही बघा. सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल एका बाजूला सरकतो आणि शाफ्टला वरून बघता आडवा कोन येतो. पुढच्या पाटापिनपासून सेंटर बोल्टच्या डोक्यापर्यंतचं अंतर टेपने दोन्ही बाजूंना मोजा. चार-पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी ते काम, मग कोन.

आता मोजणी. चुंबक असलेला डिजिटल अँगल गेज घ्या, ०.१ अंशापर्यंत दाखवणारा. फोनचं लेव्हल अॅप चालतं, पण फोन थेट पाइपवर न ठेवता ३०० मिमीच्या सरळ अॅल्युमिनियम पट्टीवर ठेवा आणि अर्ध्या अंशाची चूक गृहीत धरा.

गाडी खड्ड्यावर किंवा चारखांबी लिफ्टवर, चारही चाकांवर उभी हवी. दोनखांबी लिफ्टवर अॅक्सल खाली लोंबतो, तिथे घेतलेले आकडे कचऱ्यात टाका. तशी सोय नसेल तर जॅकने उचलून अॅक्सलच्या हौसिंगखाली, चाकांच्या अगदी जवळ, स्टँड लावा आणि पुढची चाकंही तेवढीच उंच घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल. हवा बरोबर भरा, हौद्यात नेहमी असतं ते सामान, स्टेपनी, ताडपत्री राहू द्या. मग हौद्यावर उभं राहून गाडी चार-पाचदा दाबा, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील.

चार ठिकाणी आकडे घ्यायचे : गिअरबॉक्सचा आउटपुट, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट, पिनियन (डिफरन्शियलचा दांडा, ज्याला मागचा शाफ्ट जोडतो). शाफ्टचे आकडे पाइपवर घ्या, तिथला गंज वायर ब्रशने काढून. बॅलन्सिंगचा वेल्ड केलेला तुकडा गेजखाली येऊ देऊ नका. गिअरबॉक्स आणि पिनियनसाठी शाफ्ट सोडवून फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीच्या) सपाट तोंडावर गेज उभा लावा आणि आकडा ९० मधून वजा करा. फ्लँजची वरची कड मागे झुकलेली असेल तर उतार मागच्या बाजूला आहे. मग फ्लँज अर्धा फेरा फिरवून परत आकडा घ्या आणि दोघांची सरासरी धरा. फ्लँजचं तोंड जरा वाकडं असेल तर चूक त्यातच निघून जाते. सगळे आकडे गाडीच्या एकाच बाजूने, गेजचं तोंड एकाच दिशेला ठेवून घ्या. मागे उतार असेल तर ‘मा’, पुढे उतार असेल तर ‘पु’ असं आकड्यापुढे लिहा. यात जी गल्लत होते ती चिन्हाची. उतार एकाच दिशेला असतील तर वजाबाकी करायची, उलट दिशांना असतील तर बेरीज.

एक उदाहरण धरू. आकडे असे आले समजा : गिअरबॉक्स ३.० मा, पुढचा शाफ्ट ३.८ मा, मागचा शाफ्ट ९.२ मा, पिनियन ५.० मा. वजाबाकी करून पुढच्या जॉइंटवर ०.८ अंश, मधल्यावर ५.४, पिनियनच्या जॉइंटवर ४.२.

पुढचा जॉइंट उत्तम. मधला आणि मागचा यांच्यात १.२ अंशाचा फरक आहे, आणि दोन्ही कोन मोठे आहेत. फरक एका अंशाच्या आत हवा. तीन जॉइंटचा एकत्रित हिशोब करायचा तर प्रत्येक कोनाचा वर्ग करा, पहिला अधिक, दुसरा वजा, तिसरा अधिक, आणि जे येईल त्याचं वर्गमूळ काढा (उत्तर उणे आलं तर चिन्ह सोडून द्या). इथे ०.६४ वजा २९.१६ अधिक १७.६४, म्हणजे १०.८८, वर्गमूळ ३.३. याचा अर्थ तिन्ही मिळून एकट्या ३.३ अंशांच्या जॉइंटइतका चढउतार पिनियनला पोचतोय. मी हा आकडा २ च्या आत आणायला बघतो. ३ च्या वर तक्रार येणारच. पुढच्या तुकड्याचे योक ९० अंशांत असलेल्या शाफ्टला हा हिशोब करताना पहिला वर्गही वजा धरायचा.

एकट्या जॉइंटचा कोन किती चालतो, हे फेऱ्यांवर आहे. जॉइंट बनवणाऱ्यांचे तक्ते मिनिटाला २,००० फेऱ्यांना सुमारे ८.७ अंश, ३,००० ला ५.८ आणि ४,००० ला ४.२५ अशी कमाल मर्यादा देतात. ती मर्यादा आहे, रोज तिथे चालवायचं नाही. ६० ला ५.४ अंश बसतात, पण हायवेवर ९० ने गेलात की फेरे २,९०० च्या आसपास आणि तुम्ही काठावर.

पाटा वाढवल्याने हे का झालं? रिकाम्या गाडीचा हौदा वर गेला, म्हणजे चासीच्या हिशोबाने अॅक्सल खाली गेला आणि मागच्या शाफ्टचा उतार वाढला. अॅक्सल न वळता नुसता खाली गेला तर मधला आणि मागचा, दोन्ही कोन सारखेच वाढतात आणि एकमेकांना पुसायचं काम चालू राहतं. पण सोबत पाटेवाल्याने लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणारी पट्टी) टाकला असेल तर पाट्याचं मागचं टोक खाली येतं आणि पिनियनचं नाक वर उचलतं. १,२०० मिमीच्या पाट्याला मागून ५० मिमी उतरवलं की जवळपास २.४ अंश. तुमच्याकडे शॅकल बदलला होता का, हे त्या पाटेवाल्याला विचारा.

दुरुस्तीचे दोन मार्ग. पहिला, पिनियनचं नाक खाली करणं. अॅक्सलची पाटाबैठक आणि पाटा यांच्यामध्ये पाचरीसारखी उतरती पॅकिंग घालतात. पाटे अॅक्सलच्या वर असतील, जसे बहुतेक पिकअपला असतात, तर जाड बाजू पुढे केली की नाक खाली जातं. पाटे अॅक्सलखाली असतील तर बरोबर उलट. १५० मिमी लांबीच्या पॅकिंगला १.२ अंशासाठी जाडीतला फरक ३.१ मिमी, २ अंशासाठी ५.२ मिमी. लोखंडाचीच करा, मालाच्या गाडीत अॅल्युमिनियमची पॅकिंग चेपते आणि यू-बोल्ट सैल पडतात. वरच्या उदाहरणात पिनियन ५.० वरून ३.८ वर आणला तर एकत्रित आकडा ३.३ वरून ०.८ वर येतो. पण मधला आणि मागचा, दोन्ही जॉइंट ५.४ वरच राहतात.

दुसरा मार्ग, सेंटर बेअरिंग खाली घेणं. ब्रॅकेट आणि क्रॉसमेंबर यांच्यामध्ये १० मिमीची लोखंडी पट्टी घालायची. पुढचा तुकडा ६०० मिमी आणि मागचा १,१०० मिमी धरला तर पुढच्याचा उतार ०.९५ अंशाने वाढतो आणि मागच्याचा ०.५ अंशाने कमी होतो. आता पुढचा जॉइंट १.७५, मधला ३.९, मागचा ३.७. एकत्रित १.१, आणि मोठे कोन चारच्या आत आले. पाटे न सोडता, चार बोल्टांचं नव्हे तर बहुतेक गाड्यांत दोनच बोल्टांचं काम. बोल्ट तेवढेच लांब आणि मूळच्याच ग्रेडचे घ्या, आणि बेअरिंगचं रबर मागेपुढे पिळलेलं न राहता सरळ बसलंय ना, ते बघून आवळा. तुमचे आकडे या उदाहरणासारखे निघाले तर मी हाच मार्ग आधी घेईन. पिनियनचं नाकच जास्त उचललं गेलं असेल, म्हणजे मागचा जॉइंट मधल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असेल, तर मात्र पॅकिंगला पर्याय नाही.

काहीही पक्कं करण्याआधी नेहमीचा माल भरून चारही आकडे परत घ्या. माल भरल्यावर मागची बाजू ८० मिमी बसली तर मागच्या शाफ्टचा उतार ४ अंशांनी कमी होतो. रिकाम्या गाडीला अचूक केलेली जुळणी भरल्या गाडीत बिघडू शकते. दोन्ही अवस्थांत आकडा २ च्या आसपास राहील असा मध्य शोधायचा. कुठे जास्त झुकायचं ते तुमची गाडी महिन्यातले किती दिवस भरलेली धावते, त्यावर ठरवा. शिवाय गाडी ओढ घेताना पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक अंश-दोन अंश वर येतं. म्हणून उभ्या गाडीत नाक किंचित खालीच असलेलं बरं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर घुमतं आणि सोडल्यावर थांबतं, किंवा उलट, अशी तक्रार याच पिळण्यातून येते. पहिल्या-दुसऱ्यात १० ते २५ च्या वेगात शाफ्ट खालून धडधडत असेल तर मधल्या जॉइंटचा कोन आणि सेंटर बेअरिंगचं रबर, दोन्ही बघा.

कोन जुळले आणि तरीही ३२ ची थरथर उरली, तर शाफ्ट वाकलाय का ते बघायचं. डायल गेज चासीला चुंबकाने लावून मागची चाकं मोकळी करून शाफ्ट हाताने फिरवा. पाइपच्या मध्यभागी आणि दोन्ही वेल्डपासून ७५ मिमीवर. अर्ध्या मिमीच्या वर फरक आला तर शाफ्ट बॅलन्सिंगवाल्याकडे द्या. डायल नसेल तर खडू एका जागी स्थिर धरून फिरवा; खडू अर्ध्याच घेरावर उमटला तर शाफ्ट वाकडा आहे. पाइपवर दगडाचा खड्डा पडलेला असेल तर बॅलन्सिंगचे पैसे घालवू नका, पाइप बदला.

पॅकिंग घातली तर यू-बोल्ट नवे घ्या, ओढलेले परत वापरू नका. सेंटर बोल्टही पॅकिंगच्या जाडीइतका लांब लागतो. डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलंय ना, ते बोटाने चाचपून बघा. यू-बोल्ट गाडी चाकांवर असताना, कर्णाच्या क्रमाने, मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा आणि ५०० किलोमीटरवर परत तपासा. क्रॉसला लिथियम ईपी २ ग्रीस चारही सीलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. एका सीलमधून येत नसेल तर तो कप उपाशी आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पाटा वाढवला आहे म्हणून सांगतो. बऱ्याच पिकअपला मागच्या अॅक्सलजवळ ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असतो, एका दांडीने अॅक्सलला जोडलेला. हौदा जितका वर, तितका माल कमी असं तो समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो. पाट्याने हौदा वर गेला की माल भरलेला असतानाही त्याला गाडी रिकामी वाटते, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. पुढचे पॅड लवकर झिजत असतील तर कारण तिथे असू शकतं. शाफ्टचं काम झालं की त्याच खड्ड्यावर त्या दांडीची लांबी मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या. पासिंगचं वजन मात्र पाटा वाढवून वाढत नाही. ते आरसीवर लिहिलंय तेवढंच राहतं.